आईच्या हातातला डबा

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या वस्तीत रस्त्याखालून पायी जायला भुयार झालं, ते माझी आई त्या रस्त्यावर गाडीखाली गेल्यावर. त्याआधी नगरपालिकेकडे कितीदा मागितलं, तर म्हणे, इथे चालतंच कोण? चालतात की! भारतातून आलेले आईबाप चालतात. साडीवर स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि फुटपाथचा पत्ता नाही.

आई पलीकडच्या सुनेत्राचा डबा परत द्यायला निघाली होती. सुनेत्राने त्यातून ढोकळा पाठवला होता, आईने त्यात बेसनाचे लाडू भरले. "अगं, संध्याकाळी मी गाडीने देऊन येते," मी म्हटलं. ऐकेल तर शपथ! "लोकांचा डबा फार दिवस ठेवू नये," ती म्हणाली, "आणि रिकामा तर आपण देतच नाही." एक गाडी तिला उडवून पळाली. पोलिसांना गाडी सापडली नाही आणि डबाही नाही. मला आजही आधी आईचाच राग येतो, मग त्या ड्रायव्हरचा.

मी मोझेक करते. लायब्ररीच्या, शाळांच्या भिंतींवर काचेचे रंगीत तुकडे बसवून चित्रं करते. भुयाराची भिंत मलाच मिळाली. वस्तीतलं तळं, पाइनची झाडं आणि गवतातून डबा घेऊन चाललेली आई, असं चित्र मी काढलं. आई पाठमोरी होती, कारण तिचा चेहरा मला काही केल्या जमेना.

भुयाराच्या कमिटीचा प्रमुख सुनेत्राचा नवरा, सत्यजित. तो बघायला आला तोवर आईचे अर्धे तुकडे लावून झाले होते. स्टुडिओत येऊन त्याने चित्र पाहिलं आणि नजर वळवली.

"अबोली, यार, फार डिप्रेसिंग आहे हे. मुलं सायकली घेऊन जाणार तिथून. काकूंना काढून टाक."

"भुयार तिच्यामुळे झालंय, सत्यजित."

"म्हणूनच म्हणतोय. नाहीतर कमिटी दुसरा आर्टिस्ट बघेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भिंत हातची गेली असती, तर तिथे कुणीतरी बदकं चिकटवून मोकळं झालं असतं. आमचं काम उलटं असतं. तुकडे कागदावर पालथे चिकटवायचे, तो कागद भिंतीच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा, मग कागद भिजवून सोलायचा. तेव्हा कुठे चित्राचं तोंड दिसतं. मी आईला तुकड्यातुकड्याने उचकटलं, ते तुकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून घरी ठेवले आणि तिच्या जागी गवत लावलं. रडले नाही. सत्यजितला शिव्या घातल्या, मराठीत आणि इंग्लिशमध्ये.

कागद सोलायच्या दिवशी सत्यजित आणि सुनेत्रा दोघं आले होते. मी स्पंजने कागद भिजवत होते, तेव्हा भुयारात बेसन भाजल्याचा वास आला. कुणाच्या स्वयंपाकघरातून येईल म्हणावं, तर वर नुसता रस्ता होता.

"तुलाही येतोय?" सुनेत्राने हळूच विचारलं. मी मान हलवली.

तळं छान उतरलं होतं. झाडंही. मग मी गवतावरचा कागद ओढला.

आधी पांढरे शूज दिसले.

मग जांभळी साडी, स्वेटर, हातातला डबा.

आणि चेहरा. मी न केलेला. आई आमच्याकडे तोंड करून उभी होती.

"हे काय आहे?" सत्यजित ओरडला. "काढून टाक म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

"काढलं होतं!" मीही ओरडले. "मी काढलं होतं रे!"

"उद्या माणूस बोलावून फोडून टाकतो." तो भिंतीकडे न बघता निघून गेला.

घरी येऊन मी श्रीखंडाचा डबा उघडला. सगळे तुकडे आत होते.

सकाळी सुनेत्राचा फोन आला. "अबोली, आत्ताच्या आत्ता ये."

तिच्या दारातल्या पायपुसण्यावर स्टीलचा डबा होता. झाकणावर सुनेत्राचं नाव कोरलेलं, तिच्या आईने लग्नात दिलेल्या सगळ्या भांड्यांवर आहे तसं. मी झाकण उघडलं. आत लाडू होते, प्रत्येकावर एकेक बेदाणा. हात लावला तर कोमट लागले.

सत्यजित जिना उतरून आला. डबा पाहून कठड्याला धरून उभा राहिला.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "तो मी तळ्यात..."

सुनेत्रा त्याच्याकडे बघत राहिली. मी हात उगारला होता, त्याचं थोबाड फोडणार होते. पण त्याच हाताने पोलिसांना फोन लावला आणि रिंग जात असताना भुयाराकडे चालू लागले.

आई तिथेच होती. तेच शूज, तोच स्वेटर. हातात डबा मात्र नव्हता.

एक हात तिने पुढे केला होता, तळवा वर करून. शेजारीण डबा परत द्यायला आली की दारात ती अशीच उभी राहायची.

डबा आता सत्यजितच्या घरात आहे. परत द्यायची पाळी त्याची, आणि आईला डबा रिकामा चालणार नाही.