शेऱ्याचा रकाना

आम्ही तिघे डोंगर चढत होतो ते माझ्या बायकोच्या वह्या आणायला. शिखरावरच्या टेहळणी मनोऱ्यातून तिने अकरा उन्हाळे वणव्यांवर नजर ठेवली. रोज दुपारी दोनला ती वायरलेसवर तापमान, वारा, आर्द्रता सांगायची आणि खाली हवामान कचेरीत मी ते उतरवून घ्यायचो. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो वहीतच राहायचा, कळवायचा नाही, असा नियम होता. नियम मीच टाईप केला होता.

ती हिवाळ्यात गेली. आता पुढच्या आठवड्यात मनोरा पाडणार होते.

पुढे वनरक्षक बाई, मागे मेहुणा, मध्ये धापा टाकायला मी. पश्चिमेला ढग काळवंडले.

"पाऊस येईल," मी म्हणालो.

"मग छत्री नको," मेहुणा म्हणाला. "तुमचे अंदाज ओळखतो मी, भावोजी."

पाऊस सुटला खरा. ढगांखाली करडे पडदे लोंबले आणि अर्ध्या हवेतच विरले. वीज मात्र थेट जमिनीपर्यंत आली.

"कोरडं वादळ. मागे फिरायचं," बाई म्हणाल्या.

"मनोरा समोर दिसतोय, बाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाच मिनिटं."

चारी बाजूंना काचा असलेली ती लहानशी खोली. मधोमध काचेच्या पायांचं स्टूल, विजा पडताना उभं राहायला. फळीवर अकरा वह्या. मेहुण्याने त्या दोरीने बांधायला घेतल्या. मी वरचीच उघडली.

'आज दोनला यांचा आवाज बसलेला होता. सर्दी असावी. विचारायला रकाना नाही.'

लख्ख! खालचं झाड मधोमध फुटलं. वाळलेलं गवत भडकलं. धूर वर येऊ लागला.

"आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते," बाई ओरडल्या. "दगडांकडे चला!"

पलीकडच्या उतारावर नुसते सुटे दगड होते, गवताची काडी नाही. पण तिथे पोचायचं तर दोन्ही हात मोकळे हवे होते. मेहुणा गठ्ठा छातीशी धरून घसरला, सावरला, पुन्हा घसरला.

"टाक तो."

"ताईचं अक्षर आहे, भावोजी."

"म्हणूनच सांगतोय. तिच्या भावाला मारून वह्या आणल्या तर वर गेल्यावर ती मला दारात उभं करेल का?"

त्याने टाकला. आम्ही धावलो. पडलो. रांगलो. दगडांत तोंड खुपसून पडून राहिलो. आग शेजारून गेली. वर मनोऱ्याच्या काचा एकेक करून फुटत होत्या. प्रत्येक आवाजाला मेहुण्याचा खांदा हलायचा.

धूर पातळ झाला तेव्हा बाईंचा वायरलेस खरखरला. दोन वाजले होते. कचेरीतला माझा सहकारी बोलत होता.

"कुणी आहे का वर? धूर दिसतोय. नोंदी?"

बाईंनी संच माझ्या हातात दिला. तिघे जिवंत असल्याचं मी सांगितलं, वणव्याची जागा सांगितली, वारा सांगितला.

"आणि शेरा," मी म्हणालो.

"साहेब, शेरा कळवायचा नसतो."

"माहीत आहे. लिहून घ्या. त्या दिवशी मला सर्दी नव्हती. सकाळभर 'लवकर घरी ये' म्हणायचा सराव केला होता."