इंजिन बंद पडल्यावर

मे महिन्याची कोवळी चहाची पानं खुडताना तोयोच्या डोक्यावरून काहीतरी घरघरत गेलं… आणि एकदम गप्प झालं. जपानात ताइशो राजवटीचं ते दुसरं वर्ष, १९१३. लाकूड, तारा आणि कापडाचं लष्कराचं ते नवं विमान खाली खाली येत चहाच्या तीन ओळी चिरत थांबलं.

आतून एक तरुण अधिकारी उतरला. कपाळावर रक्त. तरी टाचा जुळवून कमरेत वाकला.

"लेफ्टनंट मिझुसावा. तुमची झुडपं मोडली… माफ करा."

"झुडपं पुन्हा फुटतील," डोक्याचा पंचा सोडून त्याच्या हातात देत तोयो म्हणाली. "डोक्याचं काय?"

"ते आधीच फुटकं आहे, असं आमचे मास्तर म्हणतात."

रविवारी तो पंचा परत करायला आला. पुढच्या रविवारी परत करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आला.

"आज काय मोडलंत?"

"काहीच नाही. म्हणून तर यायला लाज वाटत होती—"

तोयोनं हसू लपवायला मान वळवली.

एकदा तिनं विचारलं, "त्या दिवशी तुमचं विमानं उतरवायचं मैदान तर मागेच होतं. तिकडे का नाही वळलात?"

"वळलो असतो तर संपलो असतो. इंजिन बंद पडलं की नाक खाली करायचं, सरळ पुढे जायचं. शिकवतात सगळ्यांना. पण मैदान दिसत असतं ना… मन मागे ओढतं. आम्ही सात जण शिकायला आलो. दोघं गेले."

ऑक्टोबरात तिसरा गेला. सेरिझावा, मिझुसावाचा जिवलग. इंजिन थांबलं, तो मैदानाकडे वळला, विमान कलंडलं आणि दगडासारखं खाली आलं. मिझुसावा खाली उभा राहून बघत होता.

मित्राच्या अस्थी गावी पोचवून तो परतला, तेव्हा मळ्याच्या बांधावरच थांबला.

"त्याची आई म्हणाली, दमला असाल, आधी जेवून घ्या." त्यानं नजर वळवली. "तोयो-सान, मी आता येणार नाही. तुम्ही दुसरं स्थळ बघा. जमिनीवर चालणारं."

"उडणं सोडाल?"

"…नाही."

तोयोनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"मग ऐका. तुम्ही पडलात तर मी रडणारच आहे. लग्न झालं नाही म्हणून कमी रडेन, असं वाटतं तुम्हाला?"

वाऱ्यानं चहाची पांढरी फुलं हलली. मिझुसावानं टोपी काढली, तोंडावर धरली. बराच वेळ त्याचे खांदे हलत राहिले. तोयो बांध ओलांडून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"तुमच्या वडिलांना… कधी भेटू?"

"आत्ताच," ती म्हणाली. "उद्या वारा पडला, तर तुम्ही उडायला जाल."