कापसाची साक्ष

"ऊठ, हेल्मी! गाई हंबरतायत, आणि तू पुन्हा आडवी?"

धाकट्या भावाच्या, रेइनोच्या, त्या शब्दांनी हेल्मीच्या काळजाला घरं पडली... आई गेल्यावर याच रेइनोला वाढवण्यासाठी तिने स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि आज तोच तिला कामचुकार ठरवत होता! गेल्या वसंतात गाईची लाथ तिच्या कपाळावर बसली. जखम भरली, पण तेव्हापासून उभं राहिलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की उतरायचं, आणि डाव्या नाकपुडीतून पाण्यासारखं काहीतरी ठिबकत राहायचं. रेइनोची बायको लेम्पी हसून म्हणायची, की ही डोकेदुखी मोठी शहाणी, धारांची वेळ कधी चुकवत नाही. हेल्मी सारं मुकाट गिळत राहिली.

शेवटी मार्क्वेट शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरांना शंका आली, की मेंदूभोवतीचं पाणीच गळत असावं. कवटीला भोक असेल तर एक दिवस जंतू थेट मेंदूपर्यंत जातील, असं त्यांनी बजावलं. त्यांनी तिच्या पाठीच्या कण्यातून त्या पाण्यात किरणोत्सारी औषध सोडलं आणि नाकात खोलवर कापूस बसवला. गळती असेल तर औषध कापसात उतरणार आणि यंत्राला कळणार होतं. थोडा वेळ निजवल्यावर नर्सने सांगितलं, की आता सोसवेल तितका वेळ पुढे वाकून बसायचं. निजून राहिलं तर कापूस कोराच राहायचा.

हेल्मी बसली. चेहरा राखेसारखा झाला, ओठ दातांखाली गेले... एरवी रोज ओरडून गोठ्याकडे निघून जाणाऱ्या, आज तिच्यासोबत इस्पितळात आलेल्या रेइनोने ती वेदना प्रथमच समोर बसून पाहिली.

"पुरे," तो म्हणाला. "आडवी हो. माझा विश्वास बसला, हेल्मी. मला नको ते यंत्र."

"तुझा विश्वास मला तेव्हा हवा होता रे," ती मान खाली घालूनच म्हणाली. "आता डॉक्टरांना भोक सापडायला हवंय. बसू दे मला."

जमिनीवर गुडघे टेकून रेइनोने तिचं कपाळ आपल्या तळहातांवर तोलून धरलं. हाताला मुंग्या आल्या, दुपार सरली, तरी त्याने हात काढले नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर आले. डाव्या नाकपुडीतल्या कापसात औषध सापडलं होतं. आता भोक नेमकं कुठे आहे ते पाहून ते बुजवता येईल, असं ते म्हणाले. रेइनो लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने घरी फोन लावला.

"लेम्पी, आज धारा शेजाऱ्यांकडून काढून घे. मी इथेच थांबतोय... आपण फार वाईट वागलो गं तिच्याशी."

पलंगावर हेल्मीने डोळे मिटले. कित्येक महिन्यांनी ती कुणालाही न भिता आडवी झाली होती.