साचेवाल्यांची बोली

सकाळचा चहा आणायची पाळी त्या दिवशी एमोस पिलिंगची होती. पेट्रोलच्या डब्यातून येणाऱ्या चहाला चव पेट्रोलचीच असे. आघाडीवरच्या खंदकातले सगळे त्याला नावं ठेवत आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवत. एमोस चिखलातल्या फळ्यांवरून डबा सांभाळत आला, तेव्हा त्याचा भाचा विल्फ पेरिस्कोपला डोळा लावून उभा होता. पेरिस्कोप म्हणजे लांबोडकी लाकडी पेटी, वर एक आरसा, खाली एक आणि डोळ्यापाशी दुर्बिणीची काच. डोकं वर न काढता पलीकडचं बघायची सोय.

"मामा," विल्फ मागे न वळता म्हणाला, "क्लेम बोलतोय."

क्लेम रश्टन परवाच्या हल्ल्यात पडला होता. काटेरी तारेच्या पलीकडे, चाळीसेक पावलांवर, गाल चिखलात टेकवून. विल्फ त्याला 'आलोच परत' म्हणून सोडून आला होता आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. बसला की उठे, उठला की बसे.

मामा, भाचा आणि क्लेम, तिघंही इंग्लंडातल्या लँकशरच्या एकाच कापडगिरणीतले. साचेखात्यात तीनशे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडतात, तिथे कितीही ओरडा, शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात. या टोकाहून त्या टोकाला भांडणं होतात, लग्नंसुद्धा जुळतात. इथे तोफा सुरू झाल्या की बाकीची पलटण बहिरी होई आणि हे साचेवाले खुशाल गप्पा हाणत. कॉर्पोरल डॉब्सन शेतकरी गडी, त्याला याचा भारी राग. आपल्यालाच हसतायत असं त्याला वाटे, आणि बऱ्याचदा ते खरंही असे.

"उंदीर असतील," डॉब्सन म्हणाला. "तोंडात शिरले की ओठ हलतात. मेंढरांत पाहिलंय मी."

"उंदीर माझं नाव घेतात होय?" विल्फ म्हणाला.

डॉब्सनने त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "हे बघ, जिवंत असला तर अंधार पडल्यावर स्ट्रेचर पाठवतो. पण मेलेल्यापायी दोन जिवंत माणसं घालवणार नाही. पिलिंग, तू त्याचे ओठ वाच. तू म्हणशील ते खरं."

एमोसने डोळा लावला. क्लेमचे डोळे उघडे होते. एकावर माशी बसली होती आणि पापणी लवत नव्हती. कानामागे डोकं उरलंच नव्हतं. असा माणूस जिवंत नसतो, हे कळायला डॉक्टर लागत नाही. आणि ओठ हलत होते... सावकाश, एकेक शब्द सुटा करून, नवख्या साचेवाल्याशी बोलावं तसे.

'एमोसकाका, इथे एकट्याला करमत नाही हो. विल्फला पाठवा ना.'

एमोसने डोळा काढला. आघाडीवर निघताना स्टेशनवर हॅनाने, त्याच्या बहिणीने, त्याचा हात सोडला नव्हता. तुझ्या पोराला मी घरी घेऊन येईन, असा शब्द घेतल्यावरच सोडला.

"काही हलत नाही," तो म्हणाला. "मेलाय."

"नीट बघितलंस, मामा?"

"बघितलं."

"आईची शपथ?"

"शपथ."

विल्फ पुन्हा पेरिस्कोपकडे वळला. चहा त्याने घेतला नाही.

दहाच्या सुमारास धुकं उतरलं. एमोस रिकामा डबा परत द्यायला मागच्या खंदकात गेला होता, तेवढ्यात एकच गोळी वाजली. डबा तिथेच टाकून तो धावत आला. विल्फच्या जागी कुणी नव्हतं. मातीच्या पोत्यांवर बुटांचा ओला चिखल होता.

"मी वळणापलीकडे होतो," डॉब्सन म्हणाला. "पिलिंग... मला दिसलाच नाही रे तो."

धुकं विरायला तास लागला. तो तास एमोसने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग पेरिस्कोपमध्ये दोन चेहरे दिसले, शेजारी शेजारी. विल्फच्या भुवईवर लहानसं भोक होतं. एमोस तोंडात बाही कोंबून रडला. क्लेम त्यालाच बोलावतोय हे खरं सांगितलं असतं तर पोरगा बांधून घालता आला असता, हे त्याला आता सुचत होतं. डोळे पुसून त्याने पुन्हा पाहिलं.

दोघं बोलत होते. दुपारच्या सुट्टीआधी दोन साच्यांमधून चालतं तसं, निवांत.

'तुझा मामा येईल का रे?' क्लेमने विचारलं.

'येईल,' विल्फ म्हणाला. 'मला घरी न्यायचा शब्द दिलाय त्याने आईला.'

एमोसने पेटी खाली ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसला. डॉब्सनने पेटी उचलली. खात्री तर करायलाच हवी होती. त्याने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"उंदीर," तो पुटपुटला. मानेवरून घाम ओघळत होता, तो त्याने पुसलाही नाही.

"पिलिंग," थोड्या वेळाने त्याने अगदी हळू विचारलं, "तुमच्यात... 'ये' म्हणताना ओठ कसे करतात?"

त्याने वळून पाहिलं. तारेत अडकू नये म्हणून एमोस कोट काढून ठेवत होता.