हलकं कापड

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसला नाही. दिसणार कसा? त्याचं अख्खं शीड तिच्या अंगावर पडलं होतं.

तो धक्क्याकडून गल्लीत वळत होता, खांद्यावर जुन्या शिडाची वळकटी. ती समोरून पाव घेऊन येत होती. कोपऱ्यावर वाऱ्याला काय सुचलं कोण जाणे... वळकटी सुटली, कापड भसकन फुगलं आणि तिला पावासकट पोटात घेऊन शांत झालं. तो घाबरला. लागलं का, लागलं का, असं त्यानं कापडाच्या निरनिराळ्या भागांना विचारून पाहिलं. आत थोडी चाचपणी चालली, आणि मग उत्तर आलं—

"मला काही झालेलं नाही. तुमचं कापड मात्र मेलंय."

बाहेर येऊन, केस सारखे करत, तिनं ते समजावलंही. जिवंत शीड चोळलं की खरखरतं, हे टॉवेलासारखं गप्प आहे. असल्या शिडात वारा येतो, बसतो आणि काही न करता निघून जातो, थोडक्यात, पाहुण्यासारखा. तो बघतच राहिला. ती शिडं शिवणाऱ्याची मुलगी होती, आणि वडिलांची नजर अधू झाल्यापासून स्वतःच शिडं शिवत होती. एवढ्या मोठ्या गावात शीड नेमकं तिच्यावर पडावं, हा योगायोग विलक्षण म्हणायला हवा. फक्त तो तिच्याच दुकानाकडे निघाला होता, आणि त्या गल्लीत दुकान एकच होतं.

तो दातांचा डॉक्टर. दिवसभर जवळचंच बघून कंटाळला, म्हणून लांबचं बघायला मिळावं यासाठी त्यानं होडी घेतली होती. होडी लहान, वयानं त्याच्याहून मोठी आणि स्वभावानं हट्टी. धंद्यामुळे त्याला एक खोड लागली होती. तो प्रश्न विचारायचा तेव्हा समोरच्याच्या तोंडात कापूस असायचा, त्यामुळे उत्तर तो स्वतःच ठरवून टाकायचा. ही खोड पुढे महागात पडली, म्हणून आत्ताच सांगून ठेवलेली बरी.

शिडांची खोली वरच्या मजल्यावर होती. एकच लांबलचक खोली, गुळगुळीत लाकडी जमीन, खिडकीशी एक शिवणयंत्र. जमिनीवर कापड पसरायचं म्हणून जोडे दाराबाहेर. त्यानं जोडे काढले आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. तिनं पाहिलं. तिनं पाहिलेलं त्यानं पाहिलं. पुढच्या खेपेला मोजे कोरे करकरीत होते, आणि तिला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून वडिलांनी घरचा ठरलेला प्रश्न टाकला. "किती लांब जाणार?"

"खाडीतच. संध्याकाळी निघायचं, अंधार पडायच्या आत परत."

वडिलांनी मान हलवली. गिऱ्हाईक जेवढं लांब म्हणेल त्याच्या एक पायरी वरचं कापड सुचवायचं, हा त्या घराचा नियम. नियमाला कारण होतं. तिचा मामा एकदा, मी काय इथल्या इथेच जाणार, असं म्हणून हलकं शीड घेऊन गेला होता. शीड किनाऱ्याला लागलं. मामा लागला नाही.

नवं शीड बेतायला जुन्याचं माप चालत नाही. जुनं ताणलेलं असतं, आपण आहोत त्याहून मोठे आहोत असं सांगतं. म्हणून होडीच मोजायला हवी होती. पण टेप घेऊन ती धक्क्यावरच थांबली, आणि जी गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती ती त्याला सांगून बसली. होडीत पाय ठेवला की तिचं पोट ढवळायचं.

तो हसला नाही. हसला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. "बांधलेल्या होडीतसुद्धा?" एवढंच त्यानं विचारलं आणि हात पुढे केला. तिच्या तळहाताची कातडी सुई रेटून रेटून घट्ट झालेली, त्याचे हात धुऊन धुऊन मऊ पडलेले. ती होडीत बसली... पोट ढवळलं, पण त्याचा दोष समुद्राला द्यावा की नाही, हे तिला ठरवता येईना. दोरी धक्क्याला बांधलेली होती आणि दोघं अंधार पडेपर्यंत कुठंही गेली नाहीत. त्याच्या होडीचा तो सगळ्यात लांबचा प्रवास होता, असं ती अजूनही मानते.

मग मापं पुन्हा घ्यावी लागली. नंतर डोलकाठीची उंची तपासावी लागली. डोलकाठी वाढत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"दातांनी दोरा तोडू नका," तो प्रत्येक खेपेला दारातूनच म्हणायचा.

"आधी जोडे काढा, मग उपदेश करा."

"पुढचा दात जाईल एक दिवस."

"तुमचीच सोय आहे. गिऱ्हाईक वाढेल."

"हे गिऱ्हाईक नको मला," तो म्हणायचा, आणि मग दोघंही शिवणयंत्राकडे बघत बसायची. यंत्र बंद असायचं. स्टुलावर वडील खोकायचे.

कापड ठरवायची दुपार आली. तिनं दोन तुकडे जमिनीवर पसरले. एक हलकं, खाडीतल्या मंद वाऱ्यातही फुगणारं. दुसरं जाड, उघड्या समुद्राचं. दोघं दोन बाजूंना गुडघे टेकून बसली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तो हलक्या कापडावरून बोट फिरवत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ.

मग भावाचा विषय निघाला. पलीकडच्या किनाऱ्यावर भावाचा दवाखाना होता, तिथली दुसरी खुर्ची रिकामी होती आणि भाऊ फोनवर सारखा मागे लागला होता. होडी घेतलीस ना, मग होडीनंच ये, म्हणत होता. हे सगळं त्यानं कापडाला सांगितलं.

"हं," ती टाचण्यांमधून म्हणाली.

"हलकं घेतलं तर माझं जाणं काही होत नाही," तो म्हणाला. "मग इथंच... खाडीत. तुम्ही सांगाल ते घेतो."

खोलीत तिघं होती आणि प्रश्न कापडाचा नाही हे तिघांनाही कळलं. वडिलांनी तर खोकलासुद्धा आवरला. तिनं एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत टोचली. हलकं, एवढाच शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर आलाही होता. आणि तेवढ्यात मामा आठवला. समजा, हलकं घेतलं आणि एखाद्या दिवशी हा तसाच निघाला... जाड कापड घेऊनही माणूस खाडीत फिरू शकतो की.

"जाड," ती म्हणाली. "आणि तिसरी ओळ घालते."

वारा वाढला की शीड खालून गुंडाळून लहान करतात, त्यासाठी कापडावर बांधायच्या दोऱ्यांच्या ओळी असतात. खाडीला दोन पुरतात. तिसरी, ज्याला किनारा दिसेनासा होणार आहे त्याच्यासाठी. काहीही होवो, तू बुडू नकोस, असं तिला म्हणायचं होतं. बाईमाणसानं याहून स्पष्ट ते काय बोलायचं, असंही तिला वाटलं.

तो कोऱ्या मोज्यांकडे बघत राहिला. नेहमीसारखं उत्तर त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. "बरं," म्हणाला.

तिनं ते शीड यंत्रावर घातलंच नाही. हातानं शिवलं, प्रत्येक शिवण तिहेरी. इतकं कशाला, असं वडिलांनी एकदाच विचारलं. ती म्हणाली, जाड कापड आहे.

शीड न्यायला तो सकाळी आला. दारात जोडे काढून उभा राहिला.

"मला वाटलं होतं, हलकं सांगाल."

"हलकं फाटलं असतं."

"फाटलं असतं तर दुरुस्तीला आलो असतो."

तिला उत्तर सुचलं. चांगलं लांबलचक सुचलं. जाऊ नका, इथून सुरू होणारं. पण शिडाच्या कडेला एक दोरा लोंबत होता, आणि हातातलं काम पुरं केल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. तिनं दोरा दातांनी तोडला.

त्यानं पाहिलं... आणि काहीच म्हटलं नाही.

तेव्हाच तिला कळलं की हा गेला. होडी सुटली ती नंतर, दुपारच्या वाऱ्यावर. शीड सुरेख फुगलं होतं, कुठं एक सुरकुती नाही. धक्क्यावरच्या लोकांनी तिचं कौतुक केलं.

इतकं चांगलं शीड तिनं आधी शिवलं नव्हतं, नंतरही नाही. ते फाटल्याचं, उसवल्याचं, ढिलं पडल्याचं आजतागायत कानावर आलेलं नाही. वडील अधूनमधून विचारतात, डॉक्टरांच्या शिडाचं काही कळलं का. तक्रार नाही, ती सांगते.

तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालाय. वडिलांना तो दिसत नाही; पण 'शीड' म्हणताना तिच्या तोंडातून हल्ली थोडा वारा निसटतो, तो ऐकू येतो. कुणाला तरी दाखवून घे, ते म्हणतात.

"दुखत नाही," ती म्हणते आणि टाचण्या तोंडात धरते.