चारशे बारा नंबरचा आवाज

परभणीकडं जाणारी गाडी तासभर उशिरा येणार असल्याचं सांगून झालं, तेव्हा धम्मशीलानं शाल घट्ट लपेटली आणि सेलूच्या फलाटावरच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. डिसेंबरची सकाळ होती. कापसाच्या जिनिंग मिलकडून येणारा वारा कापसाचे बारीक तंतू घेऊन फलाटभर फिरत होता. बाकाच्या मागं, तिच्याकडं पाठ करून, कुणीतरी फोनशी बोलत होतं... बोलत कसलं, वाचत होतं. एकेक वाक्य, सावकाश.

"आज आभाळ लय भरून आलंय." थोडं थांबून, "मी शेतात जायलोय."

धम्मशीलाचा पिशवीतला हात तिथंच थांबला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. जरासा घोगरा, वाक्याच्या शेवटी हलकेच खाली उतरणारा. गेले दोन महिने कानाला हेडफोन लावून तिनं तो रोज ऐकला होता — आणि रोज परत पाठवला होता.

तिचं काम तसंच होतं. माणसाचं बोलणं ऐकून समजणारी यंत्रं आता फोनात असतात. त्यांना मराठी शिकवायला एक कंपनी हजारो लोकांकडून वाक्यं वाचून घेत होती, आणि धम्मशीला सेलूच्या घरात बसून ती तपासत होती. वाचणाऱ्याचं नाव कळत नसे, फक्त नंबर. पडद्यावरचं वाक्य आणि कानातलं वाक्य जुळलं तर 'बरोबर', नाही जुळलं तर 'परत'. चारशे बारा नंबरचं कधीच जुळत नसे. पडद्यावर 'जात आहे' असायचं, आणि हा गडी 'जायलोय' म्हणायचा.

"ते 'जात आहे' असं आहे," ती बोलून गेली.

तो वळला. सावळा, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असावा, खांद्यावर ठिबकच्या नळीचं वेटोळं.

"काय म्हणलात?"

"वाक्यात 'जात आहे' आहे. तुम्ही 'जायलोय' म्हणालात. परत येईल ते."

"येतंयच की. सतरा येळा आलंय." तो हसला, आणि मग त्याचं हसू मधेच अडकलं. "पण वाक्यात काय हाय ते तुमाला कसं ठाऊक? फोन तर माझ्या हातात हाय."

"तुम्ही... चारशे बारा ना?"

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हंजे परत पाठवणाऱ्या त्या तुमीच."

"नियम आहे तसा."

"मला वाटलं, पुण्या-मुंबईचा कुणी चष्मेवाला असंल."

"चष्मा आहे मला."

"दिसतोय की. चांगला दिसतोय."

धम्मशीलानं चष्मा उगाचच काढून पुसला.

"कुठल्या तुमी?" त्यानं विचारलं.

"इथलीच. सेलूची."

"मग असं बातम्या दिल्यावाणी कामून बोलायलात?"

तीन वर्षांपूर्वी डी.एड. झाल्यावर पुण्यातल्या एका शाळेत ती मुलाखतीला गेली होती. 'मी लहान पोरांना शिकवायलेय' एवढंच म्हणाली, आणि टेबलापलीकडचे तिघं एकमेकांकडं बघून गालात हसले. त्या दिवसापासून तिनं जिभेला वळण लावलं होतं. आता घरात आईशीसुद्धा ती 'नाही' म्हणे, 'न्हाई' नाही.

गाडी आली. डब्यात दोघं समोरासमोर बसले. त्याचं नाव सिद्धोधन, गाव बोरी. शेतात ठिबक बसवून द्यायचं काम करायचा, सेलूजवळच्या एका शेतावर काम चालू होतं, त्याचंच सामान आणायला परभणीला निघाला होता. ती नवे हेडफोन घ्यायला. तिची आई चांगुणाबाई सेलूत अंगणवाडीसेविका आहे, हेही बोलण्याच्या ओघात निघालं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "सतरा वेळा परत येऊनही तुम्ही तसंच का वाचता? 'जात आहे' म्हणणं काही अवघड नाही."

सिद्धोधन खिडकीबाहेर बघत राहिला. तुरीची पिवळी शेतं मागं पळत होती.

"आमचे बाबा," तो म्हणाला, "सकाळी ओसरीत बसून पेपर मोठ्यानं वाचायचे. सगळी गल्ली ऐकायला यायची. आता काचबिंदूनं दोनी डोळे गेले. डॉक्टर म्हणले, गेली ती नजर परत येत न्हाई. मी त्यास्नी बोलून चालणारा फोन आणून दिला. तर त्यांनी इचारलं, 'उद्या धुई पडंल का?' तुरीला फुलं हुती ना... धुक्यानं गळतील म्हणून फिकीर. तर फोननं कपडे धुवायच्या पावडरी दाखवल्या."

धम्मशीलाला हसू आलं, पण ते ओठावरच राहिलं.

"बाबांनी फोन ठिवून दिला. म्हणले, डोळे गेले ते गेले, आता माझं बोलणंबी कुणाला कळंना." तो तिच्याकडं वळला. "त्या यंत्राला माणसं बोलायला शिकवायलीत म्हणून ऐकलं, अन् म्या नाव दिलं. आता मी बी 'जात आहे' म्हणलो, तर त्याला बाबांचं बोलणं कोण शिकवणार?"

परभणीच्या स्टेशनावर उतरताना तो थबकला. "केसात कापूस हाय तुमच्या." आणि कुठं ते दाखवायला त्यानं स्वतःच्या कानामागं बोट नेलं. तिनं चाचपलं. "तिकडं न्हाई... इकडं." तो गर्दीत दिसेनासा झाला, तरी तिचा हात कानापाशीच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नव्या हेडफोनात, तोच आवाज आला. पडद्यावर होतं, 'तू काय करत आहेस?' कानात आलं, 'काय करायलीस?'

तिचं बोट 'परत'वर गेलं आणि थांबलं. तिच्या आईनं जन्मभर तिला याच शब्दांत हाक मारली होती. यात चूक ती काय शोधायची? तिनं 'बरोबर' दाबलं.

त्या आठवड्यात तिनं चारशे बारा नंबरची साठ वाक्यं पुढं जाऊ दिली. आपण नियम मोडतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. वरचे तपासनीस तिचं काम अधूनमधून चाळत. नवव्या दिवशी निरोप आला — आपल्या तपासणीत वारंवार चुका आढळल्यानं आपलं काम थांबवण्यात येत आहे. पडद्यावरचा वाक्यांचा रकाना रिकामा झाला.

चांगुणाबाईंनी विचारलं, "काय झालं?" तिनं सांगितलं. आई उठली. चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिली.

चार दिवसांनी दारात मोटारसायकल थांबली. बाहेर सिद्धोधन उभा होता. हातात कापडी पिशवी, चेहरा उतरलेला.

"अंगणवाडीत इचारत इचारत आलो," तो म्हणाला. "आठ दिवस समदी वाक्यं पास झाली, अन् मग एकदम परत यायला लागली. म्हणलं, दुसरं कुणीतरी बसलंय. तुमचं... माझ्यामुळं गेलं ना काम?"

"तुमच्यामुळं नाही. माझं मी दाबलं होतं बटण."

"पण—"

"आत या आधी. दारात उभं राहून काय बोलायचं?"

त्यानं पिशवी चांगुणाबाईंच्या हातात दिली. "हुरडा हाय. शेजारच्या रानातला."

चांगुणाबाईंनी त्याला खालून वर एकदा पाहिलं आणि मीठ-तिखटाची चटणी वाटायला आत गेल्या. घरात धम्मशीलानं एक वही त्याच्यापुढं सरकवली. गेले चार दिवस ती रडत बसली नव्हती, लिहीत होती. जायलोय, करायलीस, कवा, कामून, धुई, आईच्या तोंडचे, गल्लीतले, आजोळचे शब्द. प्रत्येकापुढं अर्थ आणि एक वाक्य.

"हे कंपनीला पाठवायचं," ती म्हणाली. "पण नुसती वही बघून कोण ऐकणार? आवाज पाहिजेत. माणसांचे. वाचलेले नाही, बोललेले."

सिद्धोधननं पान उलटलं, मग दुसरं. "माणसं मी दाखवतो," तो म्हणाला. "गाडीवर बसायची भीती तर न्हाई ना?"

"तुम्ही चालवता कशी त्यावर आहे."

"लय सावकाश," तो म्हणाला. "तुमी मागं असल्यावर तर आणखीनच."

जानेवारीचे सगळे रविवार असे गेले. तो पुढं, ती मागं, मधे वहीची पिशवी. माणसं हरभऱ्याच्या रानात भेटली, पारावर भेटली, दळणाच्या गिरणीत भेटली. आधी विचारायचं, हो म्हणाले तरच फोन चालू करायचा. बोरीच्या कस्तुराबाई फोनकडं संशयानं बघत म्हणाल्या, "ह्या डबीला माझं बोलणं कशाला पायजे बाई?"

"शिकायचंय तिला, आजी," सिद्धोधन म्हणाला.

"मग पैल्यांदा तिला म्हणावं, मोठ्या माणसापुढं गप बसून ऐकावं." आणि कस्तुराबाई पाऊण तास बोलल्या. धम्मशीला लिहिता लिहिता वर पाहायची, तर सिद्धोधन फोन धरून तिच्याकडंच बघत असायचा. नजरेला नजर मिळाली की घाईनं फोनकडं बघायचा.

एकदा परतताना त्यानं रस्त्याकडेला गाडी थांबवली. "तुमी आत्ता त्या मावशीला काय म्हणलात, ठाऊक हाय?"

"काय?"

"'जरा सबूर करा, मी लिहायलेय' म्हणलात."

तिला कळलंसुद्धा नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "चुकून गेलं तोंडातून."

"चुकून का असंना," तो गाडीला किक मारत म्हणाला, "लय गोड वाटलं."

एकशे तीस माणसांचे आवाज आणि वही त्यांनी कंपनीला पाठवली. पंधरा दिवस काहीच नाही. मग एका दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. पडद्यावर भाषेचं काम बघणाऱ्या राजेश्री मॅडम होत्या आणि दोघं इंजिनियर. सिद्धोधन कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, दाराला टेकून उभा राहिला. धम्मशीलानं ठरवलेलं बोलायला सुरुवात केली, एकेक शब्द तोलून.

"पण हे अपवादात्मक उच्चार आहेत ना?" एक इंजिनियर म्हणाला. "असं नेमकं कोण बोलतं?"

पुण्यातलं ते टेबल तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं दाराकडं पाहिलं. सिद्धोधननं काही खूण केली नाही, नुसतं पाहत राहिला, ती बोलेल याची खात्री असल्यासारखा.

"मी बोलते, सर," ती म्हणाली. "माझी आई बोलती. आमी समदे असंच बोलतो. तुमच्या फोनशी नीट बोलायसाठी आमच्या बाया-माणसांनी पैले बातम्यावाल्यांची भाषा शिकावी, असं म्हणायलात का तुमी? त्यास्नी रोजच्या कामातून तेवढी फुरसत न्हाई. तुमचं यंत्र दिवसभर रिकामं असतंय. त्यालाच शिकवू."

पडद्यावर कुणी हसलं नाही. राजेश्री मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "शिकवायला तुम्ही याल का?"

मराठवाडी बोलीचं काम वेगळं सुरू झालं. नियमात नवी ओळ आली: जसं बोललं, तसं लिहावं. तपासायला धम्मशीला होती आणि तिच्या हाताखाली चौघीजणी, जिंतुरापासून गंगाखेडापर्यंतच्या. सिद्धोधन आठवड्याला शंभर वाक्यं पाठवत राहिला, ठिबकचं काम सांभाळून.

सोयाबीन पिवळं पडायच्या दिवसांत फोनात नवी सुधारणा आली. त्या दुपारी धम्मशीला बोरीला गेली. सिद्धोधनचे बाबा किशनराव ओसरीत खांबाला टेकून बसले होते. सिद्धोधननं फोन त्यांच्या हातात ठेवला. "बाबा, इचारा काहीबी."

"कशाला परेशान करायलास रं..."

"एकदा, काका," धम्मशीला म्हणाली. "माझ्यासाठी."

किशनरावांनी फोन तोंडाजवळ धरला. "काय ग," ते दबकत म्हणाले, "आज पेपरात काय आलंय, वाचून दावतीस का?"

फोन क्षणभर थांबला. आणि आजच्या बातम्या वाचू लागला. धरणाचं पाणी, कापसाचा भाव, शाळेच्या सुट्ट्या. किशनराव हलले नाहीत. मधे एकदा म्हणाले, "जरा सावकाश की", आणि फोन सावकाश वाचू लागला. पलीकडच्या घरातून दोघंतिघं उठून ओसरीत येऊन बसले.

बातम्या संपल्यावर त्यांनी हात पुढं केला. धम्मशीलानं तो धरला.

"पोरी," ते म्हणाले, "डोळे गेल्यापासून आज पैल्यांदा वाटलं, मी घरात हाय. तुझं लय उपकार हायेत."

उपकार कुणाचे कुणावर हे तिला सांगायचं होतं. याच माणसाच्या धुईच्या एका प्रश्नापायी तिच्या तोंडात तिची भाषा परत आली होती, आणि... आणखीही बरंच काही. ती नुसती त्यांच्या पाया पडली.

सिद्धोधन तिला बसथांब्यावर सोडायला आला. ऊन कललं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"तुमाला एक सांगायचं हुतं," तो म्हणाला.

"सांगा."

"म्हंजे... बरेच दिवस झाले... तुमी काय म्हणताल म्हणून..." त्यानं चपलेनं एक खडा सरकवला. मग दुसरा.

"बस येईल," ती म्हणाली.

"व्हय. ती बी येईलच."

हजारो वाक्यं न अडखळता वाचणाऱ्या या माणसाला एवढं एक जमेना, हे बघून तिला त्याची इतकी माया आली, की आता थांबणं तिच्याच्यानं झालं नाही.

"मला तुमी लय आवडता," ती म्हणाली. "कवापासून ते नका इचारू. मलाच धड सांगता यायचं न्हाई."

त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"मी हेच..." तो म्हणाला.

"ठाऊक हाय मला."

बस आली. धूळ उडवत थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "सेलू, सेलू. येताव का ताई?"

धम्मशीलानं नकारार्थी मान हलवली. "मागच्या गाडीनं येते."

"मागची दोन तासानं हाय."

"असू द्या."

बस गेली. दोघं आल्या वाटेनं परत फिरले. या वेळी तिचा हात त्याच्या हातात होता. ओसरीजवळ आल्यावर हात सुटला, पण किशनरावांनी पावलांचा आवाज ओळखला.

"का ग पोरी," त्यांनी विचारलं, "बस चुकली?"

"चुकली न्हाई, बाबा," ती म्हणाली. "सोडली."

दुपारी काका म्हणणारी पोर आता बाबा म्हणाली, हे किशनरावांनी नीट ऐकलं. मग त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाले, "बस मग हितं. सिद्धोधन, चहा टाक."