मापाचं माणूस

इमारतीचा फोटो काढायचा तर शेजारी माणूस उभं करावं लागतं. नाहीतर घर केवढं, दार केवढं, हे बघणाऱ्याला कळत नाही. आमच्या संग्रहालयाचा तो नियमच होता. माणसाच्या हातात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन मीटरची काठी द्यायची आणि फोटोच्या मागे त्या माणसाची उंची लिहायची. मी एकतीस वर्षं हे काम केलं. आमच्या प्लोव्हदिव्ह शहरातल्या जुन्या टेकडीवरचं एकही घर, एकही देऊळ माझ्या कॅमेऱ्यातून सुटलेलं नाही. शाळा मी चौथीत सोडली. पण माझे फोटो समोर ठेवून शिकलेल्या लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत.

माझं मापाचं माणूस म्हणजे माझी बायको, डोंका. एक मीटर छप्पन्न. दुपारी ती जेवण घेऊन यायची आणि मी तिला उभी करायचो. डोक्याला पांढरा रुमाल असायचा, त्यामुळे काळ्या दगडासमोरही ती उठून दिसायची.

"मला फुकट राबवतोस," ती म्हणायची. "तुझ्या त्या कचेरीतल्या बाईंना सांग, घंटाघराशेजारची बाई पगार मागतेय."

"हलू नको."

"नाकाला खाज सुटली तर?"

"आठ मिनिटांनी खाजव."

आठ मिनिटं, कारण माझी पद्धत तशी होती. भिंगाचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं करायचं, पुढे गडद पिवळी काच लावायची आणि आठ मिनिटं उघडं ठेवायचं. मग येणारे-जाणारे, गाढवं, हातगाड्या, कुणीच कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर उमटत नाही. जे हलतं ते नाहीसं होतं. जे उभं राहतं तेवढंच राहतं.

काम झालं की आम्ही दगडी उतारावरून घरी जायचो. तिथले दगड गुळगुळीत आहेत, पाय सरकतो. ती माझं कोपर धरायची. लोक बघतात म्हणून मी ते सोडवून घ्यायचो. एवढं सांगून ठेवतो.

युद्ध संपून दहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मेणाच्या व्यापाऱ्याचं जुनं घर संग्रहालयासाठी घ्यायचं ठरलं. त्याची उत्तरेकडची, गल्लीतली भिंत फुगली होती. गेंचो नावाच्या म्हाताऱ्या मुख्य गवंड्याने, आमच्याकडे त्याला उस्ता म्हणतात, ती पायापर्यंत उतरवली. उतरवण्याआधीचा फोटो मी काढला होता, डोंकाला उभी करून. पाया उघडा झाला त्या दिवशीही मी तिथे होतो. एका चिऱ्याखाली दोरी निघाली. मेणात बुडवलेली, दोन्ही टोकांना गाठ मारलेली. दीडशे वर्षं जमिनीत राहूनही कुजलेली नव्हती.

उस्ताने तिचं एक टोक टाचेखाली दाबलं आणि दुसरं माझ्या डोक्याशी धरलं.

"तुझ्यापेक्षा चार बोटं उंच होतं रे कुणीतरी," तो हसला. मग हसायचा थांबला.

माझा बापही गवंडी होता. मला सांगायची गरज नव्हती. भिंत उभी राहत नसली की जुने गवंडी रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या माणसाचं, त्याला कळू न देता, दोरीने माप घ्यायचे आणि ती दोरी पायात चिणायचे. माणूस चाळीस दिवसांत मरायचा. भिंत उभी राहायची. आणि तोही उभा राहायचा, भिंतीशी, राखणीला. असं म्हणत.

कचेरीतल्या बाईंना दोरी फार आवडली. त्यांनी ती काचेच्या पेटीत ठेवली, खाली चिठ्ठी लावली. तिचाही फोटो मीच काढला.

नवी भिंत कमरेइतकी आली आणि पडली. पुन्हा बांधली, ती खिडकीपर्यंत येऊन पडली. दुसऱ्या वेळी इल्या नावाच्या गवंड्याचा पाय चेंगरला. दोन्ही वेळा ओळंबा सरळ होता, चुना चांगला होता, पाऊस नव्हता.

त्यानंतर उस्ता माझ्याकडे आला. "जुनी भिंत कशी होती ते नीट बघायचंय. एक फोटो दे, स्तामात."

मी दिला. त्यात डोंका होती, काठी धरून. मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: डोंका, एक मीटर छप्पन्न. गवंड्याच्या मुलाने बायकोचं माप स्वतःच्या हाताने गवंड्याला दिलं. तेव्हा ते लक्षात आलं नाही. किंवा आलं, आणि मी ते झटकलं. आता या वयात खोटं कशाला बोलू?

भिंत उभी राहिली. छतापर्यंत गेली, कुठे केसाएवढी चीर नाही.

दहाव्या दिवशी डोंका अंथरुणाला खिळली. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे बघितले, विश्रांती घ्या म्हणाले. ती दिवसेंदिवस हलकी होत गेली. मी उशी बदलायला तिला उचलायचो तर हाताला वजन लागायचं नाही.

"माझ्याशिवाय फोटो काढतोस?" ती हळूच विचारायची. "मग घरं लहान दिसत असतील..."

कचेरीला पूर्ण झालेल्या भिंतीचा फोटो हवा होता. दुपारच्या वेळी मी गल्लीत कॅमेरा लावला, मापाला कुणालाच उभं केलं नाही, काठीही घरीच होती. आठ मिनिटं मी स्वतः कॅमेऱ्यामागे उभा होतो. गल्लीत एक मांजरसुद्धा नव्हतं.

अंधारखोलीत काच रसायनातून काढली तर भिंतीशी कुणीतरी उभं होतं. अंग अस्पष्ट, डोक्याला पांढरं, स्पष्ट. मी मोजलं नाही. मोजायला काठी नव्हती, आणि आपलं माणूस ओळखायला काठी कशाला लागते?

मी सरळ उस्ताकडे गेलो. तो ओट्यावर बसून भाजलेली मिरची आणि पाव खात होता.

"उस्ता, माझा फोटो परत द्या."

"कुठला?"

"माझ्या बायकोचा."

"भिंतीचा होता तो," तो म्हणाला. पण पाव खाली ठेवला.

"तुम्ही दोरी टाकली असती तर मी तुमचा गळा धरला असता."

"म्हणून तर दोरी टाकली नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "दोनदा पडली, स्तामात. इल्या आयुष्यभर लंगडणार. वर पाच जण छत जोडतायत, पाचही जण पोरंबाळंवाले. मला वाटलं... कागद आहे. कागदाने माणसाला काय होतंय. भिंत फसली तर फसली."

"आज कितवा दिवस?"

त्याने बोटं मोजली. आकडा त्याला पाठ होता, तरी मोजली. "छत्तिसावा."

"कुठे आहे?"

"खिडकीच्या डाव्या अंगाला, खालून चौथा थर. पाचर मारलेला लहान दगड आहे." मग तो पुटपुटला, "काढ. पण जागा रिकामी ठेवू नको. वर माणसं आहेत..."

मी कुणाचा सल्ला घेतला नाही. घेण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गल्लीत कॅमेरा लावला. ऑगस्टचं ऊन होतं, सगळं शहर खिडक्यांच्या झडपा लावून झोपलेलं. भिंगावरचं झाकण काढलं, काठी घेतली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिलो. आठ मिनिटं. त्याआधी हजार वेळा मी डोंकाला सांगितलं होतं, हलू नको. आठ मिनिटं केवढी असतात ते मला त्या दिवशी कळलं.

आधी पाठीशी दगड गरम लागत होता. मग गार लागायला लागला. मधमाश्यांच्या मेणाचा वास आला, देवळात सणाच्या दिवशी येतो तसा दाट. लांब खाली नदीकडे कुठेतरी आगगाडीची शिट्टी झाली आणि अर्ध्यात तुटली. त्यानंतर आवाजच नाही. माझ्या डाव्या कोपराजवळ कुणीतरी उभं होतं. श्वास नव्हता, स्पर्श नव्हता. नुसतं उभं होतं, ती भिंत उभी होती तसं. मी मान वळवली नाही. वळवली असती तर काच फुकट गेली असती, आणि मला सदतिसाव्या दिवशी दुसरी काच परवडणार नव्हती.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त काहीतरी वाटलं. मोठ्या देवळात पहिल्यांदा मान वर करून घुमट बघितला होता, सहा वर्षांचा असताना, तेव्हा असं वाटलं होतं.

काचेवर मी एकटाच आलो. टोपी घालून, काठी धरून. फोटोच्या मागे लिहिलं: स्तामात, एक मीटर चौऱ्याहत्तर.

अडतिसाव्या दिवशी, सगळे गवंडी जेवून आडवे झाल्यावर, मी चौथ्या थरातला लहान दगड सैल केला. मागच्या पोकळीत डोंकाचा फोटो होता. उन्हात धरून बघितला. भिंत होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी होती, सरळ, आधाराशिवाय उभी. काठी धरणारी बाई नव्हती. तिथे नुसते दगड होते.

वरून छत ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला. वर कुणीच जागं नव्हतं. मी माझा फोटो आत सरकवला, दगड बसवला, चुना भरला. बापाने शिकवलं होतं तसा बोटाने सारखा केला. आवाज थांबला.

घरी आलो तर डोंका उशीला टेकून बसली होती. भांड्यातलं कालचं घेवड्याचं सार संपलं होतं.

"तुझ्या अंगाला मेणबत्तीचा वास येतोय," ती म्हणाली. "देवळात गेला होतास की काय? तू?" मग तिने माझ्या हातातला फोटो घेतला. "हा कशाला आणलास? ह्यात माझे डोळे मिटलेत."

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. ती फोटोत होती. डोळे मिटून.

माझे चाळीस दिवस मी मोजले. चाळिसाव्या दिवशी दाढी केली, चांगला कोट घातला आणि पलंगावर पडून राहिलो.

"लग्नाला निघालास?" डोंकाने विचारलं.

काही झालं नाही. संध्याकाळी तिने उठवलं आणि विहिरीचं पाणी आणायला पाठवलं.

डोंका त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. त्या गल्लीत मी तिला पुन्हा कधी उभं केलं नाही. भिंतीचा फोटो मात्र दरवर्षी त्याच दिवशी, त्याच जागेवरून काढत आलो. नोकरी संपल्यावरही. मापाला कुणी नसतं, काठी माझ्या घरी कोपऱ्यात असते. तरी काचेवर दरवर्षी एक माणूस येतो. टोपी घातलेला, काठी धरलेला, मीच. कचेरीतल्या बाई म्हणायच्या, स्वतःला उभं करायची भारी हौस आहे तुम्हाला. मी हो म्हणायचो.

डोंका गेली त्याच्या पुढच्या वर्षी काच बघितली तर त्या माणसाचं डावं कोपर अंगापासून थोडं बाहेर होतं. शेजारी कुणी नव्हतं. पण कुणाला तरी धरायला द्यावं तसं कोपर बाहेर. मी काच पाण्यातून काढली आणि बराच वेळ तशीच हातात धरून बसलो. बरं वाटलं. भिंतीतल्या माणसाला तरी अक्कल आली.

यंदा कोपराशी पांढरा रुमाल दिसला. कुणीतरी येऊन कोपर धरलं आहे. माझे डोळे अधू झालेत, म्हणून पहिल्या दिवशी मी काच नुसती जवळ ठेवली, तिच्याशी थोडं बोललोही.

दुसऱ्या दिवशी सवयीने भिंग घेतलं. काचेवर काठी शेजारीच आहे, मोजता येतं. मी तीनदा मोजलं. डोंका एक मीटर छप्पन्न होती. तो रुमाल माझ्या डोक्याच्या वर आहे, त्या मेणाच्या दोरीएवढा. चार बोटं.